परवान्यावरचं कुंकू

कारकुनानं परवाना उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, तेव्हा हिराला पहिल्यांदाच दिसलं की त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव उरलेलं नाही. वर सरकारचे सिंह जागच्या जागी होते. खाली कुठल्यातरी जुन्या साहेबांची सही होती, मागच्या पानावर कंपन्यांची आणि औषधांची नावं होती, वर्षावर्षाला त्यात घातलेली भर आणि मारलेली काट होती. फक्त ज्या ओळीत नाव असायचं तिथं तांबडा डाग होता. थरावर थर चढलेला, कडेला हळदीची पिवळी रेघ धरलेला, मधोमध काळपट. महाळुंग्याच्या दुकानात, भिंतीवर, उदबत्तीच्या धुरात तो डाग तिला कधी डाग वाटलाच नव्हता. पुण्याला दरवर्षी कारकून फक्त मागचं पान उलटून नोंद करायचे. आज शेतकी ऑफिसातल्या खिडकीच्या उजेडात तो एकदम उघडा पडला. हे काय सांडलंय, म्हणून कारकुनानं विचारलं. सांडलेलं नाही, लावलेलं आहे, असं तिनं सांगितलं. दसऱ्याला. दर दसऱ्याला. कारकुनानं चष्मा परत नाकावर आणला आणि परवान्याऐवजी तिच्याकडे बघितलं.

दसऱ्याला जो तो आपापल्या पोटाची पूजा करतो. कुणी नांगर, कुणी ट्रॅक्टर, कुणी वजनकाटा. पिकांवरच्या औषधाच्या दुकानात काय पुजायचं? बाटल्या पुजाव्यात तर त्या विषाच्या, त्यांच्यापुढे झेंडूचं फूल ठेवायला हात धजावत नाही. तेव्हा हिरानं पहिल्याच वर्षी ठरवलं होतं की पुजायचा तो परवाना. तो चौकटीत होता, पण काचेवर कुंकू लावणं म्हणजे दारातूनच पाया पडून परत जाण्यासारखं. म्हणून ती चौकटीच्या मागचा पुठ्ठा काढायची, कागद पाटावर ठेवायची आणि ओल्या अंगठ्यानं कुंकू लावायची. लग्नपत्रिकेवर लावतात देवाच्या नावावर, वहीवर लावतात श्रीकारावर. सरकारनं वर श्री लिहिलेलं नव्हतं. मग उरलं कुणाचं नाव? ज्याच्या नावानं दुकान, त्याचं. तेव्हा तिला हे इतकं सरळ वाटलं होतं, की याच्यात विचार करण्यासारखं काही असेल असंही वाटलं नव्हतं.

कारकून भला माणूस होता. अंगात हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, म्हणजे घरी विणणारं कुणीतरी आहे. टेबलावर पेढ्याची पुडी न सोडलेली, म्हणजे घेतो, पण लगेच खात नाही. हिरा माणसं अशी वाचायची. त्यानं तिला नीट समजावून सांगितलं. यंदा पद्धत बदलली आहे. जुने परवाने सगळे जमा करायचे, त्याजागी नवे मिळणार. जुन्यावर ज्याचं नाव, त्याच्याच नावानं नवा. पण नाव वाचता आलं पाहिजे. ते येत नसेल, तर परवानाधारकानं स्वतः हजर राहायचं, ओळख पटवायची, आणि जुनं रजिस्टर दुसऱ्या इमारतीतल्या गठ्ठ्यातून निघेपर्यंत दुकान बंद ठेवायचं. कधी निघेल ते सांगता येत नाही. हिराच्या डोळ्यांपुढून बटाट्याचे वाफे सरकले. करपा कुणाचं रजिस्टर निघायची वाट बघत नाही. तिनं नवऱ्यानं सही करून दिलेला कोरा अर्ज पुढे केला. कारकुनानं ती सही उलटीसुलटी बघितली. "ही सही आहे का काठी?" तो म्हणाला. काठीच होती ती. तिच्या नवऱ्याची, धर्माजीची, सही वर वाकडी होऊन खाली सरळ उतरायची, मेंढपाळाच्या आकडीसारखी, आणि तिच्यातून कुणाचंही नाव निघालं असतं. मग कारकून आवाज उतरवून म्हणाला, "दुसरा रस्ता आहे. दुकानात खरोखर बसतं कोण? तुम्हीच ना? यंदापासून तसा रकाना आहे. तुमच्या नावानं नवा अर्ज करा. अधिकारी मॅडम चार प्रश्न विचारतील. आज काम होईल." आता जेवायची सुट्टी, ती संपली की काय ते सांगा, असं म्हणून त्यानं पेढ्याची पुडी खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. हिरानं भाकरी सोडली आणि तशीच मांडीवर ठेवली. शेजारी बसलेली एक कॉलेजची मुलगी जरा सरकली. हिराला ते कळलं. तिच्या लुगड्याला, केसांना, पिशवीच्या बंदाला दुकानाचा वास होता. तो तिला स्वतःला येत नसे, फक्त माणसं सरकली की समजे, आज वाऱ्याची दिशा कोणती आहे. सुरुवातीला तिला लाज वाटायची. नंतर नाही. लग्नाआधी मेंढरांचा वास होता, तेव्हाही लोक सरकायचेच. आपल्या जन्माला वास आलाय, तर निदान हा दुसरा आपण स्वतः कमावलेला आहे, असा तिचा हिशोब होता. पण आज तो हिशोब मनात धड बसेना. मनात तो तांबडा डाग बसला होता. एका कागदावर एकाच जागी अंगठा टेकवायचा, वर्षाला एकदा, आणि नाव पुसून जायचं. आपण पूजत होतो का पुसत होतो? हा प्रश्न कुणी विचारला असता तर तिनं त्याला दुकानातून बाहेर काढलं असतं. स्वतःला कुठून काढणार?

ती माणसं मागणीवरून ओळखत आलेली. जो येऊन "लाल त्रिकोणाचं दे, जहाल पायजे" म्हणतो, त्याचं घरी काहीतरी बिनसलेलं असतं; किडीवरचा राग निम्मा भावकीवरचा असतो. जो प्रमाण तीनदा विचारतो तो चिकट. जो विचारतच नाही तो त्याहून चिकट, कारण तो अर्धंच टाकणार असतो आणि मग औषधालाच नावं ठेवणार असतो. या नजरेनं तिनं कधी स्वतःकडे बघितलं नव्हतं. आज बघितलं, तर गल्ल्यामागे बसलेली ही बाई काय मागत होती इतकी वर्षं? तिला दुकान मिळालं होतं, गल्ला मिळाला होता, गावात मान मिळाला होता. मग अंगठा इतका दाबून का लावायची? तिला आठवलं, गेल्या दसऱ्याला कुंकू जरा जास्तच ओलं झालं होतं. ते तिनं टिपलं नाही. पसरू दिलं.

दुकान धर्माजीच्या नावावर झालं त्याचं कारण साधं होतं. अर्ज पुरुषानंच करायचा असतो असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं, हिरालाही. कालव्याचं पाणी आलं, माळ फुटले, जिथं मेंढरं चरायची तिथं ऊस उभा राहिला, आणि धर्माजीनं निम्मा वाडा, म्हणजे निम्मी मेंढरं, विकून रस्त्याकडेला गाळा घेतला. वस्तीवर हसायला विषय झाला. समोरच भिमाजींचं औषधाचं दुकान होतं, पिढीजात जमीनदार, दुकानाला इंग्रजी पाटी. भिमाजी रस्त्यापलीकडून म्हणायचे, मेंढरामागची माणसं आता पिकांना औषध सांगणार. बघू, पिकं बें करतात का. ते हसायचे, आणि हसणाऱ्यांत त्यांचे उधारीवाले आधी असायचे. धर्माजी दुकानात दोन महिनेच बसला. त्याला भिंती सोसल्या नाहीत. बाटल्या पुसता पुसता तो बाहेर बघायचा, आणि एक दिवस उरलेल्या मेंढरांमागं निघून गेला. खुर्ची रिकामी राहिली ती अर्धा दिवस. दुपारी हिरा तिच्यावर बसली.

आणि मग नियम यायला लागले. एका साली पावतीवर शेतकऱ्याची सही. पुढच्या साली मुदत संपलेला माल वेगळ्या कप्प्यात, त्याच्यावर पाटी. मग प्रत्येक कंपनीचं प्रमाणपत्र आणून परवान्यावर नोंद, नोंद नाही त्या औषधाची विक्री नाही. मग याच दुकानात खाण्याची वस्तू ठेवायची नाही, मग अमुक औषध भाजीपाल्यावर सांगायचं नाही, मग तमुक औषधच यादीतून गेलं. दर साली काहीतरी हललेलं असायचं. भिमाजींना याचा मनस्वी राग. आमच्या वडिलांच्या वेळेपासून दुकान, आता आम्ही दरवर्षी नव्यानं शाळेत जायचं काय, असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि चारचौघं माना हलवायचे. त्यांनी एका साली नोंदी केल्या नाहीत. पुढच्या साली नूतनीकरणाला गेले नाहीत. तिसऱ्या साली पाटी बदलली आणि आत सिमेंटच्या गोणी आल्या. ज्यांची जमीन पिढ्यानपिढ्या एकाच जागी असते त्यांना काल होतं ते आज नाही म्हटलं की अपमान वाटतो. हिराला त्यात अपमानाचं काही दिसतच नव्हतं. तिचा बाप चिमाजी वाड्याच्या पुढे एक मजल चालायचा, वाट विचारायला. भीमाशंकरच्या अंगानं उतरताना, येडगावच्या पाण्याला वळसा घालून पलीकडं जाताना, गावागावात जाऊन पुसायचा: यंदा इकडून जाऊ का, कुणाच्या रानात मेंढरं बसवू, कुठं पीक उभं आहे. लहानपणी हिरा एकदा म्हणाली होती, आबा, गेल्या साली तर आपण इथनंच गेलो. चिमाजीनं तिच्याकडं बघितलं होतं. "गेल्या साली त्यांनी दिली. यंदा इचारलंय का?" तो एवढंच बोलला, आणि डोक्यावरचं पागोटं नीट करून पाटलाच्या ओट्याकडं गेला. जाताना वाकलेला नव्हता. विचारायला जाणारा माणूस वाकलेला असलाच पाहिजे असं थोडंच आहे? हिरा दरवर्षी पुण्याच्या या व्हरांड्यात तशीच यायची. यंदा काय बदललं, कुठनं जायचं. कारकून कंटाळायचे, ती कंटाळायची नाही.

भाकरी मांडीवर तशीच होती. तिनं एक तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. तिला पांढऱ्या पावडरीचं साल आठवलं. ती पावडर बंद झाली तेव्हा ऐन गोचिडाचे दिवस होते, आणि धर्माजी मेंढरं माळावर ठेवून दुकानात आला होता. वस्तीवर मेंढरांना पिढीभर तीच चोळलेली. मागच्या कप्प्यात, 'विक्रीसाठी नाही'च्या पाटीखाली चार पुडे होते, कंपनीला परत जायचे. ते दे, तो म्हणाला. ते बंद झालंय, ती म्हणाली. गिऱ्हाइकं थांबली होती, भिमाजीही सिमेंटच्या गोणीवर बसून कान देत होते. धर्माजीला ते दिसलं आणि त्याचा आवाज चढला. "दुकान कुणाच्या नावावर हाय?"

"तुमच्याच. म्हणूनशानच देत न्हाई," हिरा म्हणाली. "धरलं तर तुमाला धरतील."

तो गेला. चार दिवस वाड्यावरच राहिला, भाकरी पुतण्याच्या हाती मागवून घेतली. हिरानं भाकरीबरोबर दुसरं औषध पाठवलं, कसं वापरायचं ते तोंडी सांगून. परत आला आणि घोंगडं खुंटीला अडकवून जेवायला बसला. पण पुढच्या बाजाराला मंचरला चहाच्या टपरीवर तो पाहुण्यांना सांगत होता म्हणे, "आमच्या दुकानात मालकालासुद्धा मिळत न्हाई बरं का, यादीत नसलं तर." हे तिला टपरीवाल्याच्या बायकोकडनं कळलं. त्या दिवशी तिनं कालवणात खोबरं जरा जास्त घातलं होतं, आणि त्याचं कारण दोघांनाही विचारावं लागलं नाही.

तेव्हा अभिमान त्याला होता. दुकानात न बसताही होता. वस्तीवर पाहुणे आले की तो त्यांना हमखास दुकानात आणायचा, चहाच्या आधी. भिंतीजवळ उभं करायचा, चौकटीवर बोट ठेवायचा आणि एकेक अक्षर सोडवत वाचायचा: धर्माजी भिकाजी बरकडे. सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेलं वस्तीतलं ते पहिलं नाव. जमिनीच्या उताऱ्यावर नाव नाही, पाण्याच्या पाळीत नाही, पण इथं आहे. हे नाव कागदावरून काढायचं आणि त्या जागी आपलं घालायचं? आज, जेवायची सुट्टी संपली की? त्याच्या सहीचा कोरा अर्ज पिशवीत असताना? हातातला तुकडा हिरानं परत भाकरीवर ठेवला. पाणी प्यायला ती उठली, नळाशी ओंजळ धरली, आणि पाणी ओंजळीतून सांडत असतानाच एक गोष्ट तिच्या ध्यानात आली.

गेल्या दिवाळीला जावेचे भाऊ आले होते. धर्माजीनं त्यांना दुकानात आणलं, भिंतीशी उभं केलं, बोट ठेवलं, वाचलं. धर्माजी भिकाजी बरकडे. हिरा तेव्हा मागं बाटल्या लावत होती, तिनं ऐकलं आणि नेहमीसारखी मनात हसली. पण गेल्या दिवाळीला तिथं नाव होतंच कुठं? त्याच्या आधीच्या दिवाळीलाही नसणार. बोट डागावर होतं. धर्माजी डाग वाचत होता. एकेक अक्षर सोडवत, तसाच अडखळत, जसा नाव असताना अडखळायचा. त्याला दिसत नव्हतं असं नाही. कळपातल्या कुठल्या मेंढीच्या कानाचं टोक फाटलंय ते त्याला बांधावरून दिसतं. म्हणजे तिला आज कळलं ते त्याला कधीचं ठाऊक होतं. दर दसऱ्याला तो पाटाच्या पलीकडे बसायचा, नारळ हातात घेऊन. तिचा अंगठा खाली येताना बघायचा. त्यानं एकदाही "अगं, जरा बाजूला लाव" म्हटलं नव्हतं. का म्हटलं नव्हतं? बायकोच्या पूजेत बोलू नये म्हणून? का कागदावरचं आपलं नाव तिच्या अंगठ्याखाली जातंय यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं? इतकी वर्षं ती गावाला मागणीवरून ओळखत होती, आणि घरातला हा माणूस असा की कधी काही मागायलाच आला नाही; आला तो एकदा, पांढऱ्या पावडरीला. तिनं ओल्या हातानंच तोंड पुसलं. भाकरी बांधून पिशवीत टाकली. भूक लागली होती, पण आता जेवत बसायला वेळ नव्हता.

मॅडम तरुण होत्या, बोलायला कडक. अंगावर औषध सांडलं तर काय सांगाल, त्यांनी विचारलं. हिरानं सांगितलं. पावती न घेता जाणाऱ्याचं काय करता? त्याला थांबवते, आणि नाही थांबला तर औषध परत घेते. एकदा सख्ख्या चुलत्याच्या हातातून घेतलं आहे. यंदा यादीतून काय गेलं? तिनं दोन नावं सांगितली. तिसरं कोणतं? हिरानं बोटांवर दोन्ही नावं परत मोजली. मग म्हणाली, "म्हाईत न्हाई. इचारून घेते." मॅडमनी मान वर केली. उत्तर चुकलं म्हणून का बरोबर आलं म्हणून, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. पण हिराची मान खाली गेली नव्हती. मॅडमनी तिसरं नाव सांगितलं, तिनं ते मनात दोनदा म्हटलं, आणि मॅडमनी कागदावर सही करून तो कारकुनाकडे सरकवला.

कारकून नवा अर्ज भरायला बसला. नाव? हिरा. गाव, तालुका, दुकानाची जागा. तो भराभरा लिहीत होता, हिरा भराभरा सांगत होती, आणि मग तो म्हणाला, पतीचं नाव?

पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर कुणीतरी शिक्के मारत होतं. लग्न झाल्यापासून हे नाव तिच्या तोंडातून निघालेलं नव्हतं. घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं तेही बायकांच्या गलक्यात, यमकात गुंडाळून, कुणाला धड ऐकू जाणार नाही असं. त्यानंतर हे, आमचे, मालक, ह्यांचं. दवाखान्यात, रेशनवर, शाळेत कुणी ना कुणी बरोबर असायचं, ते सांगायचं. कारकुनाला याची सवय असावी. त्यानं पेन आणि कोरा चिटोरा तिच्याकडे सरकवला, लिहून द्या म्हणाला. ती चौथी शिकलेली होती, लिहिता येत होतं. लिहिलं असतं तर कुणाची काही मोडतोड झाली नसती. हिरानं चिटोरा परत सरकवला. वाट विचारायला पाटलाच्या ओट्यापुढं उभ्या असलेल्या माणसासारखी ती सरळ उभी राहिली.

"धर्माजी भिकाजी बरकडे," ती म्हणाली.

हवा होता त्यापेक्षा मोठा आवाज लागला. शिक्के मारणारा थांबला आणि कुणाला हाक मारली म्हणून दाराकडे बघायला लागला. हिराच्या जिभेवर काहीतरी विचित्र, गार, कोऱ्या मडक्यातल्या पाण्यासारखं राहिलं. तिला वाटलं होतं चोरी केल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

महाळुंग्याला एसटीतून उतरली तेव्हा दिवस मावळायला आला होता. धर्माजी दुकानाच्या पायरीवर बसलेला, खांद्यावर घोंगडं. दुकान त्यानं उघडून ठेवलं होतं, पण आत बसला नव्हता. हात पुढे केला. तिनं नवा कागद दिला. वरची ओळ तो एकेक अक्षर सोडवत मनात वाचत होता, ओठ हलत होते. रस्त्यापलीकडं भिमाजी सिमेंटच्या गोणीवरून मान लांब करून बघत होते. यंदा काय बंद केलं गं सरकारनं, असं त्यांनी ओरडून विचारलंही. धर्माजीचं बोट वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर उतरलं, तिथं थांबलं, परत वर गेलं. हिरानं काय काय ठरवून आणलं होतं: बटाट्याचा हंगाम, गठ्ठ्यातलं रजिस्टर, नवा रकाना. तो काय म्हणतो याच्यावर सगळं थांबलं होतं.

"हे खालचं माझं नाव," तो म्हणाला. "हे तितं कुणी सांगितलं?"

"मी."

"लिवून दिलंस?"

"न्हाई. तोंडानं."

धर्माजीनं मान वर केली. त्यानं तिच्याकडे असं बघितलं, जसं तो माळावर लांबनं येणाऱ्या माणसाकडे बघायचा, ओळखीचा आहे का ते ठरवत.

"मोठ्यानं?"

"समद्या हापिसानं ऐकलं."

तो हसला नाही. घोंगडं मांडीवर घेतलं, कागद त्यावर जपून ठेवला, दोन्ही कडा अंगठ्यानं दाबून सरळ केल्या. मग पायरीवर जरा सरकून त्यानं तिला बसायला जागा केली. ती बसली. भर रस्त्यावर, गावादेखत, नवऱ्याच्या शेजारी.

"म्हण की मग," धर्माजी म्हणाला. "मी कुठं ऐकलंय?"

हिरानं आधी रस्त्याकडे बघितलं. भिमाजी अजून मान लांब करून होतेच. तिनं मान फिरवली नाही, आवाजही उतरवला नाही, आणि म्हटलं.